‘काका’ आधी की ‘कमळ’ आधी? वेगवेगळ्या गरजांच्या पहिलीच्या वर्गासाठी अक्षरपाठांची आखणी

दिंडोरी तालुक्यातील एका शिक्षिकाताईंचा प्रश्न थोडक्यात असा आहे. यंदा त्यांच्याकडे पहिलीचा वर्ग आला असून पटावर सत्तावीस मुले आहेत. त्यांपैकी नऊ मुलांच्या घरी कोकणा बोलली जाते, तीन मुले अहिराणी बोलणाऱ्या घरांतली आहेत. एका मुलाला श्रवणयंत्र आहे, एका मुलीने जूनपासून वर्गात तोंड उघडलेले नाही, एक मुलगा पाच मिनिटांपलीकडे जागेवर टिकत नाही, एकाला सेरेब्रल पाल्सीमुळे (मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर ताबा न राहणे) पेन्सिल धरता येत नाही, आणि चार मुले खाजगी बालवाडीतून वाचायला शिकूनच आली आहेत. इंग्रजीत फोनिक्सचे पाठ असतात तसे ध्वनी आणि अक्षरे यांचे मराठी पाठ त्यांना आखायचे आहेत. सर्वांसाठी एकच पाठ ठेवावा की प्रत्येक गटासाठी वेगळा, इंग्रजीचे काय करावे, आणि मजुरांची जी मुले मध्येच येतात आणि मध्येच जातात त्यांना कसे सामावून घ्यावे, असे त्यांनी विचारले आहे.

ताई, मी नाशिक जिल्ह्यात बावीस वर्षे पहिली-दुसरीचे वर्ग घेतले आणि त्यांतली शेवटची काही वर्षे विशेष गरजा असलेल्या मुलांबरोबर काढली. त्या अनुभवावरून सांगते. आपला प्रश्न ‘एक पाठ की अनेक’ असा दिसत असला तरी खरी अडचण त्याच्या अलीकडची आहे. आपल्याकडे पहिल्या पाठांचा क्रम बहुतेक वेळा डोळ्याच्या आणि हाताच्या सोयीने लावलेला असतो: कान्यामात्रा नसलेले शब्द आधी, वळणाने सारखी असलेली अक्षरे एकत्र. मूल मात्र शाळेत येते ते बोलणे घेऊन, म्हणजे कानावर पडलेली भाषा घेऊन. हा क्रम तसाच ठेवून आपण मुलांचे पाच गट पाडले तर पाचही गट त्याच दगडाला ठेचकाळतात. म्हणून मी आधी क्रमाबद्दल बोलेन आणि मग एकेका मुलाबद्दल.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, हे आधीच सांगितलेले बरे. आपली शाळा द्विशिक्षकी असेल आणि पहिलीबरोबर दुसरीही आपल्याच खोलीत बसत असेल तर खाली दिलेली वेळेची वाटणी जशीच्या तशी जमणार नाही. गटसाधन केंद्रातील विशेष शिक्षक आठवड्यातून एकदा येतात की महिन्यातून एकदा, यावरही बरेच ठरते. श्रवणयंत्र लावणाऱ्या मुलाला ते कोणत्या वयात मिळाले, हे मला माहीत नाही; दोन वर्षांचा असताना मिळाले असेल तर एक गोष्ट, मागच्या दिवाळीत मिळाले असेल तर अगदी दुसरी. त्यामुळे माझा क्रम आज्ञा म्हणून न घेता त्यामागचे कारण पाहावे, आणि कारण आपल्या वर्गाला लागू पडत नसेल तर क्रम बदलावा.

आता मूळ मुद्दा. वर्गात ‘घर’ हा शब्द टाळ्या वाजवून तोडायला सांगून पाहा. आपण दोन टाळ्यांची वाट पाहतो, कारण आपल्या डोळ्यांसमोर घ आणि र अशी दोन अक्षरे असतात. ज्याला अजून अक्षरे येत नाहीत ते मूल एकच टाळी वाजवते, आणि ते बरोबर असते. बोलताना ‘घर’मधल्या र चा अ आपण उच्चारतच नाही, कानाला ऐकू येतो तो एकच ठोका. ‘भाकरी’ लिहिताना तीन अक्षरे आहेत, बोलताना मात्र ‘भाक्-री’ असे दोनच ठोके पडतात. ‘चिवडा’चेही तसेच. मी कित्येक वर्षे अशा मुलांना ‘चुकलास, पुन्हा वाजव’ असे सांगत आले. चूक माझी होती; मी अक्षरे मोजत होते आणि ते मूल आवाज मोजत होते. ज्या मुलाची ऐकण्याची किंवा भाषेची बाजू आधीच नाजूक आहे, त्याने स्वतःच्या कानावर विश्वास ठेवणे सोडून द्यायला असे आठ-दहा प्रसंग पुरतात.

यावरून पुढची गोष्ट निघते. ‘बिनकान्याचे शब्द सोपे’ ही आपली समजूत पाटीवर खरी आहे, कानाला ती खरी नाही. ‘घर’, ‘मन’, ‘बदक’, ‘कमळ’ या शब्दांत शेवटच्या अक्षरातला अ लिहिलेला असतो पण बोलला जात नाही. मूल ‘म… न…’ असे दोन्ही अक्षरांचा अ लांबवून वाचते आणि त्यातून ‘मन’ हा ओळखीचा शब्द त्याला ऐकूच येत नाही. याउलट ‘काका’, ‘मामा’, ‘मका’, ‘मला’ या शब्दांत जितकी अक्षरे तितकेच ठोके आहेत. जसे लिहिले तसेच बोलले जाते. म्हणून काना पहिल्याच आठवड्यात आणावा आणि ‘काका’ हा शब्द ‘कमळ’च्या पुष्कळ आधी यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. ठोक्यांच्या खेळासाठीही सुरुवातीला असेच शब्द निवडावेत: मामी, पाणी, कांदा, टोमॅटो.

दुसरी अडचण ‘गमभन’ची. गमभन गिरवणे हा आपल्याकडे अक्षरओळखीला पर्यायी शब्दच झाला आहे. हाताला वळण लावण्यासाठी तो क्रम सोयीचा असेलही. वाचनासाठी मात्र म आणि भ शेजारी ठेवणे म्हणजे जुळ्या भावंडांची ओळख एकाच दिवशी करून देण्यासारखे आहे. म ची शिरोरेषा सलग आहे, भ ची डावीकडे तुटलेली आहे, फरक एवढाच. नोकरीच्या पहिल्या वर्षी माझ्या वर्गातल्या एका मुलीने पाटीवर ‘भाभा’ लिहिले आणि मोठ्या आनंदाने ‘मामा’ असे वाचून दाखवले. तिचा तो गोंधळ निस्तरायला मला दिवाळी उजाडली. घ आणि ध यांचाही फरक तसाच शिरोरेषेचा आहे, आणि काही छपाईत ख हा ‘रव’ असा दिसतो. अशा जोड्यांपैकी एक अक्षर पक्के झाल्यावर किमान तीन-चार आठवड्यांनी दुसरे आणावे. दृष्टी अधू असलेल्या मुलाला आणि पुढे ज्याला वाचनअक्षमता निघण्याची शक्यता आहे अशा मुलाला हे अंतर सर्वांत जास्त उपयोगी पडते. इतरांचे त्यात काही बिघडत नाही.

दिसण्यातल्या जुळ्यांप्रमाणे ऐकण्यातली आणि ओठांवरची जुळीही असतात. म आणि न हे दोन्ही नाकातले ध्वनी कमी ऐकू येणाऱ्या मुलाला एकसारखे वाटतात. प, ब आणि म हे तिन्ही ध्वनी ओठांकडे पाहिले तर एकच दिसतात. आरशासमोर आवाज न करता म्हणून पाहा, आपल्यालाही सांगता येणार नाही. र हा ध्वनी कित्येक मुलांच्या तोंडात सहा-सात वर्षांपर्यंत ल असाच येतो, त्यामुळे र आणि ल एकाच आठवड्यात आणू नयेत.

हे सगळे जुळवून माझा क्रम असा बसला: आधी म, क आणि काना, मग ल, मग त, मग न, मग दीर्घ वेलांटी, मग ओकाराची खूण, र त्यानंतर. पहिल्या तीन खुणांतच ‘मामा’, ‘काका’, ‘मका’ हे शब्द तयार होतात. ल आला की मराठीचा ‘ला’ हा प्रत्यय हाती लागतो, आणि मग ‘मला मका’, ‘मामाला मका’, ‘काकाला मका’ असे तोंडात सहज बसणारे तुकडे मूल वाचू लागते. न आणि ओकार आला की ‘मला मका नको’ हे पूर्ण वाक्य होते, आणि पहिलीच्या मुलाला ‘नको’ वाचता येण्याचा जो आनंद होतो तो पाहण्यासारखा असतो. शेवटच्या अक्षराचा अ गळणारे ‘काम’, ‘कान’, ‘नाक’, ‘लाल’ हे शब्द मी चौथ्या-पाचव्या आठवड्यापासून आणते आणि त्या वेळी मुलांना उघडपणे सांगते की ‘आधी हळू वाच, मग घरी बोलतोस तसे म्हण’. हे दुसरे म्हणणे मी कधीच वगळत नाही. ‘का… न…’ पासून ‘कान’पर्यंतची उडी तिथेच पडते.

वेलांट्यांबद्दल एक सूचना. ऱ्हस्व वेलांटी लिहिताना अक्षराच्या डावीकडे येते आणि बोलताना नंतर येते; ‘दिवा’ वाचताना डोळ्याला आधी वेलांटी भेटते आणि तोंडाला आधी द लागतो. या उलटापालटीत बरीच मुले अडकतात. दीर्घ वेलांटीला ही कटकट नाही. शिवाय शब्दाच्या शेवटचा इकार दीर्घ लिहिण्याचा आपला नियम असल्यामुळे मामी, काकी, आजी, पाणी, भाजी असे पहिलीतले शब्द मुबलक मिळतात. ‘आणि’सारखे अपवाद मोजकेच आहेत. म्हणून दीर्घ वेलांटी आधी घ्यावी, ऱ्हस्व पुष्कळ नंतर. तसेच च, ज, झ यांना दिवाळीनंतरच हात घालावा, कारण या अक्षरांना मराठीत दोन-दोन उच्चार आहेत. ‘चार’ आणि ‘चारा’ हे शब्द पाठोपाठ म्हणून पाहिले तर एकाच च चे दोन आवाज लगेच लक्षात येतात.

गती किती असावी, असे आपण विचारलेले नाही. तरी केंद्रप्रमुखांनी विचारले तर उत्तर हाताशी असावे म्हणून लिहिते. रोज एक अक्षर ही गती मुलांची नसून वेळापत्रकाची असते. मी पहिल्या पंधरवड्यात तीनच खुणा घेते आणि दिवाळीपर्यंत साधारण पंधरा. आपल्या लिप्यांत व्यंजन आणि स्वरखुणा यांच्या जुळणीतून कित्येक अक्षररूपे तयार होतात आणि ती सगळी आत्मसात व्हायला वेळ लागतो. कन्नड शाळांतील मुलांवर सोनाली नाग यांनी केलेल्या अभ्यासात (२००७) हे शिकणे पहिली-दुसरी ओलांडून पुढच्या इयत्तांपर्यंत चालू राहिलेले दिसले. मुलांच्या पायाभूत वाचन-गणितासाठी २०२१ साली सुरू झालेल्या निपुण भारत अभियानाचे लक्ष्यही तिसरीच्या शेवटचे आहे. पहिलीच्या ऑगस्टमध्ये सगळी बाराखडी म्हणून दाखवणारा वर्ग पाहुण्यांना छान वाटतो, पण ‘क ला काना का’ तालात म्हणणाऱ्या मुलापुढे नुसता ‘का’ ठेवला की ते गप्प होते, हे आपणही पाहिले असेल. बाराखडीला माझा विरोध नाही. तिची जागा शेवटी आहे, शिकलेल्याची मांडणी म्हणून. त्याच कारणाने ‘क कमळाचा’ हेही मी सोडून दिले. मूल क कडे पाहून ‘कमळ’ म्हणते. अक्षर दाखवले की नुसता आवाज, तोही आखूड, एवढेच पुरे.

थोडक्यात, इथपर्यंतचे तीन नियम असे: जसे लिहिले तसेच बोलले जाणारे शब्द आधी, दिसायला, ऐकायला किंवा ओठांवर जुळी असलेली अक्षरे एकमेकांपासून लांब, आणि तीन-चार खुणा झाल्या की लगेच शब्द आणि वाक्ये, साठा करत बसायचे नाही.

आता घरच्या बोलीकडे वळते. कोकणा म्हणजे कोकणी नव्हे, हे आपल्याला सांगायला नको. पेठ-सुरगाण्याकडची ही बोली प्रमाण मराठीपासून बरीच निराळी आहे, आणि तिथल्या मुलाला पुस्तकातले अर्धे शब्द नवेच असतात. न कळणारा शब्द अक्षरे जुळवून वाचला तरी त्यातून काही उमटत नाही. म्हणून पहिल्या पन्नास शब्दांची यादी करताना ती या नऊ मुलांसमोर ठेवून पाहावी आणि जो शब्द त्यांच्या घरी नाही तो तूर्त बाजूला ठेवावा. मका, काका, मामा असे शब्द बहुधा चालतात, परंतु तेही विचारूनच घ्यावेत. पालकांपैकी कोणी आले तर पाच मिनिटे बसवून ‘तुमच्याकडे याला काय म्हणतात’ असे विचारावे. अहिराणी बोलणाऱ्या मुलांच्या बाबतीत एक सावधगिरी हवी. खानदेशी बोलण्यात ळ चा य होतो, ‘डोळा’ला ‘डोया’ म्हटले जाते. मुलाने पाटीवरचा ‘डोळा’ पाहून ‘डोया’ म्हटले तर त्याने बरोबर वाचले आहे. त्याच्या वहीत चूक मांडू नये. ‘पाणी’चे ‘पानी’ करणाऱ्याचेही तेच. उच्चाराची चूक आणि वाचनाची चूक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपण मांडलेल्या निम्म्या चुका नुसत्या उच्चाराच्या असतात.

प्रत्यक्ष पाठ मी चाळीस मिनिटांचा आखते आणि त्याचा सांगाडा वर्षभर बदलत नाही. सुरुवातीची सात-आठ मिनिटे पाटी, फळा, पुस्तक काहीही नसते. नुसते ऐकणे आणि बोलणे. प्रत्येकाच्या हातात पाच-सहा चिंचोके असतात आणि शब्दातल्या प्रत्येक ठोक्याला एक चिंचोका पुढे सरकतो. नंतर नवे अक्षर पाच मिनिटे: आवाज, तोंडाचा आकार, हवेत आणि रांगोळीच्या ताटात गिरवणे. त्यानंतरची दहा-बारा मिनिटे पाठाचा गाभा आहेत. प्रत्येक मुलाजवळ जुन्या लग्नपत्रिकांच्या पुठ्ठ्यावर काढलेल्या अक्षरांच्या चिठ्ठ्या असतात. मी ‘मका’ म्हणते, मुले तो जुळवतात. मग ‘आता याचा मामा करा’ म्हणते. एक चिठ्ठी हलवल्याने शब्द कसा बदलतो हे बोटांना कळू लागते, आणि इथे लिहिणे मुळीच लागत नाही. पुढची दहा मिनिटे गट आपापले काम करतात आणि मी एकाच गटाजवळ बसते. शेवटी गोष्ट, मी वाचून दाखवलेली, तिच्यात शिकवलेली अक्षरे असोत वा नसोत. हे शेवटचे पाच-सहा मिनिटांचे वाचन वेळ कमी पडला म्हणून कापू नये. ज्यांच्या घरी पुस्तक नाही त्यांना वाचन म्हणजे काय हे तिथेच कळते.

पाठ सर्वांसाठी हा एकच. फरक असतो तो मूल त्यात कसे शिरते, उत्तर कसे देते आणि त्याला किती फेऱ्या लागतात यात.

श्रवणयंत्राच्या मुलाला पहिल्या रांगेत बसवणे पुरेसे नाही. आपण त्याच्यापासून चार-पाच फुटांच्या आत असावे, खिडकीचा उजेड आपल्या चेहऱ्यावर पडावा आणि फळ्याकडे तोंड करून बोलणे टाळावे. रोज सकाळी त्याच्या मागे उभे राहून म्, आ, ऊ, ई, श्, स् हे सहा आवाज एकेक करून म्हणावेत आणि ऐकू आला की त्याने चिंचोका टाकावा. डॅनियल लिंग यांच्या नावाने ओळखली जाणारी ही साधी तपासणी अर्ध्या मिनिटात यंत्राची बॅटरी संपली आहे का ते सांगते. यंत्र शिट्टी मारत असेल तर कानातला साचा सैल झाला आहे असे समजून पालकांना निरोप द्यावा. म साठी त्याचे बोट त्याच्याच नाकाला लावावे, थरथर जाणवते. प साठी तोंडासमोर कागदाची पातळ पट्टी धरावी, ती हलते. फ ला ती आणखी जोरात हलते. हा पट्टीचा खेळ सगळ्या वर्गाला आवडतो, त्यामुळे तो त्या एकाच मुलाचा राहत नाही. आणि पावसाबद्दल: पत्र्याच्या छपराखाली जुलैतल्या सरींमध्ये ऐकण्याचे खेळ होत नाहीत. श्रवणयंत्र तो आवाजही मोठा करते. अशा दिवशी तो भाग सरळ गाळून चिठ्ठ्यांच्या कामाला लागावे, आणि उघडीप मिळाली की ओसरीवर तो भरून काढावा.

जी मुलगी बोलत नाही तिला बोलते करण्याच्या मागे लागू नये. माझ्या वर्गात उत्तर तोंडी देण्याची सक्ती कोणावरच नसते. विचारले की सगळे जण चिठ्ठी उंच धरतात. तिची चिठ्ठी बरोबर असली की मला कळते, तिलाही कळते, आणि तिच्याकडे कोणी वळून पाहत नाही. आईकडून एवढे जरूर विचारून घ्यावे की ती घरी बोलते का. घरी भरपूर बोलणारी आणि शाळेत गप्प राहणारी मुलगी वेगळी, आणि घरीही न बोलणारी वेगळी. दुसऱ्या बाबतीत वाट पाहत बसू नये.

जागेवर न टिकणाऱ्या मुलासाठी पाठात हालचाल आधीच घालून ठेवावी, नंतर शिक्षा म्हणून नव्हे. जमिनीवर खडूने अक्षरे काढून आवाज ऐकला की त्या अक्षरावर उडी मारणे, चार कोपऱ्यांत लावलेल्या शब्दांपैकी सांगितलेला आणून देणे, चिठ्ठ्या वाटणे आणि गोळा करणे ही कामे त्याची. पाठाचा क्रम चित्रांतून फळ्याच्या कडेला लावलेला असावा: कान, अक्षर, चिठ्ठ्या, गट, गोष्ट. पुढे काय येणार हे ठाऊक असले की तो बराच स्थिरावतो.

सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाच्या बाबतीत वाचन आणि लेखन यांची गाठ सोडवणे ही पहिली गोष्ट. तो लिहू शकत नाही म्हणून त्याला वाचता येत नाही असा समज फार लवकर होतो. त्याच्या चिठ्ठ्या जाड लाकडी ठोकळ्यांवर चिकटवाव्यात म्हणजे ढकलता येतात. पाटीखाली ओले फडके घातले की पाटी सरकत नाही. खडू जाड असावा आणि त्याला कापडाची गुंडाळी करावी. त्याने ‘मामाला’ हा शब्द ठोकळ्यांनी लावला तर त्याने तो लिहिला असेच मी वहीत मांडते. अशा साधनांना खर्च लागत नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला आदिवासी मुलांसाठी बालशिक्षणाचे काम केले ते परिसरात सापडेल त्या वस्तूंच्या बळावर, आणि आपल्याकडे तर चिंचोके, सागरगोटे, द्राक्षांच्या पेट्यांचे पुठ्ठे यांना तोटाच नाही.

वाचून आलेल्या चौघांबद्दल थोडेच सांगते. त्यांना छोटे शिक्षक करून टाकण्याचा मोह होतो; आठवड्यातून एखादे वेळी ठीक, रोज नको. सुरुवातीचे ऐकण्याचे खेळ त्यांनाही लागतात. ‘कान’मधला पहिला आवाज काढून त्या जागी म घाल म्हटले की पुस्तक घडाघडा वाचणारी मुलेही थबकलेली मी पाहिली आहेत. गटाच्या वेळात त्यांनी इतरांसाठी त्याच सात-आठ अक्षरांची वाक्ये तयार करावीत. हे काम वाटते तितके सोपे नाही, आणि आपल्याला वाचनाच्या पट्ट्या आयत्या मिळतात.

चाचणी मी घेत नाही. शुक्रवारी गटाच्या वेळात पाच-सहा मुलांना एकेक करून जवळ बसवते. तीन गोष्टी पाहते: शब्द ऐकून पहिला ठोका सांगता येतो का, अक्षर पाहून आवाज आठवतो का, आणि दोन अक्षरे जोडून शब्द होतो का. ज्याचे पहिलेच अडले आहे त्याला अक्षरे गिरवायला देऊन उपयोग नाही. ज्याला जोडता येत नाही त्याला नवे अक्षर देऊ नये, जुन्यांतच आणखी फेऱ्या द्याव्यात. एका मुलाला मी चार महिने हट्टी समजत होते. बोलावले की कधी यायचा, कधी नाही. पावसाळा सरताना लक्षात आले की त्याचा उजवा कान वाहत होता, आणि तो येत नसे तेव्हा मी त्याच्या उजव्या बाजूला उभी असे. तेव्हापासून वाचनाची कोणतीही अडचण दिसली की आधी कान, मग डोळे, मग बाकीचे, हा माझा नियम आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत येईल तेव्हा अशा मुलांची नावे आपल्याजवळ तयार असावीत. पथक लवकर येणार नसेल तर पालकांना थेट रुग्णालयात पाठवावे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील एकवीस प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमता (वाचन, लेखन किंवा गणित शिकण्यातली कायमची अडचण) येते, परंतु तिचे निदान साधारण आठ वर्षांच्या सुमारास होते. सहा वर्षांच्या मुलाबद्दल तो शब्द आपण उच्चारू नये. शुक्रवारच्या नोंदी मात्र जपून ठेवाव्यात, पुढे तज्ज्ञांना त्या फार उपयोगी पडतात.

इंग्रजी आपल्याकडे २००० सालापासून पहिलीपासून आहे, तेव्हा टाळता येणार नाही. माझा सल्ला असा की दिवाळीपर्यंत इंग्रजी फक्त कानाची आणि तोंडाची ठेवावी: गाणी, सूचना, वस्तूंची नावे. इंग्रजी फोनिक्सची पद्धत एकेका सुट्या ध्वनीवर उभी आहे, तर आपले अक्षर व्यंजन आणि स्वर मिळून बनते. दोन्हींची सुरुवात एकाच महिन्यात केली की ज्या मुलांना एकच भाषा जड जाते त्यांच्यावर तिप्पट ओझे पडते, कारण घरची बोली तिसरी असते. शाळेने आग्रहच धरला तर दोन्ही पाठांमध्ये मोठी सुट्टी तरी असावी.

राहिली द्राक्षबागांच्या मजुरांची मुले. ती साधारण ऑक्टोबर छाटणीच्या सुमारास येतात आणि शिमग्याला गावी परततात, म्हणजे आपला वर्ग पंधराव्या खुणेवर असताना ती पहिल्यावर असतात. पाठ एकच असल्यामुळे ती ऐकण्याच्या खेळात आणि गोष्टीत पहिल्या दिवसापासून बसू शकतात; चिठ्ठ्यांच्या वेळात मात्र त्यांच्या हातात म, क, काना एवढेच द्यावे आणि ‘मका’पासूनच सुरू करावे, भले वर्ग ‘आजीची भाजी’ वाचत असो. प्रत्येक मुलाच्या नावाचे एक जाड पाकीट करावे. त्यात त्याला येणाऱ्या अक्षरांच्या चिठ्ठ्या, त्यांतून होणाऱ्या शब्दांची एक पट्टी आणि वरती दोन ओळी: ‘याला इतकी अक्षरे येतात, यापुढे “न” हे अक्षर द्यावे.’ मूल जाताना हे पाकीट आईच्या हाती द्यावे आणि पुढच्या शाळेत बाईंना दाखवायला सांगावे. माझ्या वर्गातून गेलेली बरीच पाकिटे हरवली असतील. एक मात्र दुसऱ्या वर्षी छाटणीच्या वेळी परत आले, कडा कुरतडलेल्या, आणि आत माझ्या अक्षरांखाली कोणीतरी वेगळ्या शाईने र, प आणि स वाढवलेले होते.